युनिट चार, कमिशनिंग बाकी

“युनिट चारच वरोऱ्याले देऊन टाकू. रिकामंच तं हाय. अन् ते पोरगी काय म्हणते? बोलतच नाई ते!”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मागच्या भिंतीवरून शेजारच्या फरीदाचाचींशी बोलत होत्या. मी त्यांच्या पाठीमागेच, पडवीत, डीप फ्रीझरच्या उघड्या झाकणाआड कमरेपर्यंत वाकून मटार शोधत होते. ते झाकण उघडं असलं की त्याच्याआडचं माणूस दिसत नाही. मटार केव्हाच हाताला लागले होते, पण मी वर आले नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बोटं बधिर होईपर्यंत गारठ्यात उभं राहायला मिळालं, एवढाच काय तो फायदा.

चाची म्हणाल्या, “अरे, पूछो तो सही एक बार बच्ची को.”

“पुसलं असतं नं. पण तिले पुसलं का ते हसते. आता हसण्याले हो समजाव का नाई समजाव?”

आईंचं काही चुकलं नव्हतं. मी हसतेच.

पण जो बोलत नाही त्याच्याकडे किस्से फार साठतात, कारण ते खर्चच होत नाहीत. लग्न होऊन या घरात आले त्याला अजून पुरतं वर्ष नाही, आणि एवढ्यात माझा फ्रीझर भरत आलाय. वरचा डबा सहज निघतो. तळातला काढायचा तर आधी सगळं बाहेर मांडावं लागतं. म्हणून मांडते.

*

आधी युनिट म्हणजे काय ते सांगते.

आम्ही ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो. सासरे, त्यांना मी बाबा म्हणते, पॉवर स्टेशनच्या कंट्रोल रूमला आहेत. तिथं सगळं युनिटांवर चालतं, म्हणून घरातल्या फ्रीजनाही बाबांनी तीच नावं दिली. स्वयंपाकघरातला लाल, एकदाराचा फ्रीज माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या, जन्माआधीचा. ते युनिट एक. त्याच्या बर्फाच्या खान्याचं दार कधीच तुटलंय. पाणी गार करतो, बर्फ जमवत नाही. समोरच्या खोलीतला डबल डोअर, ज्याच्यावर क्रोशाचा रुमाल असतो, ते युनिट दोन. आणि पडवीतला आडवा डीप फ्रीझर म्हणजे युनिट तीन. तो एका बंद पडलेल्या दुकानातून आणलेला आहे. झाकणावर आइस्क्रीमचा कोन अजून अर्धामुर्धा दिसतो.

एका घराला एवढं थंड कशाला, असं मीही आल्या आल्या मनात म्हटलं होतं. कारण साधं आहे. आमच्याकडे लाईट सहसा जात नाही, वीज इथंच तयार होते. आईंचं माहेर सिंदेवाहीकडे, जंगलातल्या गावात. तिकडे वारा सुटला की लाईट जाते, ती परत यायचं तिच्या मनावर. त्यामुळे तिकडच्या तलावाची मासळी, जांभळाचा रस, चारोळ्या, कोणाच्या लग्नाचा खवा, सगळं आमच्याकडे येऊन राहतं. आमच्या फ्रीजात आमचं असं फार थोडं असतं.

कुठलंही युनिट धुऊन-पुसून पुन्हा सुरू करायचं, की पद्धत ठरलेली. बाबा बटणावर बोट ठेवतात आणि विचारतात, “युनिट तीन लोडवर घेऊ का?” घरातलं कोणीतरी “घ्या!” म्हटल्याशिवाय बटण दाबत नाहीत. ड्युटीवर तशीच शिस्त आहे म्हणे. बहुतेक वेळा आईच म्हणतात, पोळ्या लाटता लाटता.

एकदा आई रुसलेल्या होत्या. म्हणाल्याच नाहीत. बाबा बटणावर बोट ठेवून उभे! मी नवी, माझं तोंड उघडेना. शेवटी निखिल कामावरून आला, बूट न काढता “घ्या हो बाबा” म्हणाला, तेव्हा त्यांची सुटका झाली.

रात्री जेवताना मी निखिलला हळूच विचारलं, “कोणीच घ्या म्हटलं नसतं तर?”

“तं बाबा अजून तिथीच उभे असते.”

आता बाबा रिटायर होताहेत. पावसाळ्याआधी क्वार्टर सोडायचं आणि चंद्रपुरात बांधलेल्या घरी जायचं. घर लहान आहे, दोन फ्रीजच्यावर जागा नाही. युनिट एक भंगारात जाणार हे बाबांनी जड मनाने मान्य केलं. युनिट चार धरून तीन राहिले. त्यातला एक जायचा होता.

*

युनिट चार माझं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एसटीत कंडक्टर आहेत, गडचिरोलीला. आमच्या घरी फ्रीज नाही. कधीच नव्हता. उन्हाळ्यात माठ, माठाला ओलं फडकं, बस. दादांनी आयुष्यातला पहिला फ्रीज घेतला तो माझ्या लग्नात द्यायला. ज्या घरात आधीच तीन होते त्या घरी! त्यांनी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं.

टेम्पोतून उतरला तेव्हा त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. बाबा दारात आले, पाहिलं, आणि अगदी मनापासून ओरडले, “अरे वा! युनिट चार!”

सगळे हसले. दादाही हसले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण गाडीत मागचे पॅसेंजर हसले की आपणही हसून घ्यायची त्यांना सवय आहे.

जागा नव्हती, मोकळा प्लग नव्हता. तो आमच्या झोपायच्या खोलीत कोपऱ्यात उभा राहिला. कपाट निखिलच्या कपड्यांनी भरलेलं. मग मी माझ्या साड्या त्यात ठेवू लागले. वरच्या खान्यात ब्लाउज, भाजीच्या ट्रेमध्ये परकर, अंड्यांच्या खड्ड्यांत बांगड्या. छान बसल्या.

आईंनी एक दिवस दार उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“झुरळं तं नाई लागत यात,” त्या म्हणाल्या. “ते एक बरं हाय.”

कोणी पाहुणा आला की बाबा घर दाखवत दाखवत तिथवर येतात आणि सांगतात, “हे युनिट चार. कमिशनिंग बाकी.” म्हणजे अजून एकदाही सुरू केलेलं नाही.

*

क्वार्टर सोडायच्या आधी पाहणी करायला एक साहेब आले. तरुण होते, हातात पेन. नळ पाहिले, खिडक्या पाहिल्या, मग त्यांचं लक्ष फ्रीजांकडे गेलं. स्वयंपाकघरात एक, समोर एक, पडवीत आडवा एक, त्यावर आइस्क्रीमचा कोन.

“काका, दुकान चालवता का क्वार्टरमधून?”

“नाई साहेब,” बाबा सरळ उभे राहून म्हणाले, “तीन चालू, एक स्टँडबाय.”

साहेबांना वाटलं काहीतरी लपवताहेत. ते थेट आमच्या खोलीत गेले आणि युनिट चारचं दार उघडलं. समोर माझी लग्नातली पांढरी साडी, घडी करून ठेवलेली. बाजूला बांगड्या. साहेबांनी दार इतक्या हळू लावलं, जणू आत कोणी झोपलं होतं.

“काका, यात तर साड्या आहेत.”

“साहेब,” बाबा म्हणाले, “उन्हाळा केवढा हाय!”

*

फरीदाचाची आमच्या शेजारच्या. नवरा नाही, दोन्ही मुलं नागपूरला, क्वार्टर धाकट्या दिराच्या नावावर. दीर शिफ्टमध्ये, त्यामुळे चाची बहुतेक एकट्या. त्यांचं इन्सुलिन आमच्या युनिट दोनच्या दारात असतं, लिंबाच्या शेजारी. सकाळी त्या येतात, बाटली घेतात, आमच्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सुई घेतात. आई चहा टाकता टाकता विचारतात, “घेतली का?” चाची म्हणतात, “ली बाबा, ली.” मग दोघी बिनसाखरेचा चहा पितात आणि तोंड वाकडं करतात.

मी आले तेव्हा ऐकलं की त्यांचा फ्रीज बिघडलाय, म्हणून हे. मग एक दिवस त्यांच्याकडे आईंनी दिलेली वाटी परत करायला गेले, तर त्यांचा फ्रीज मस्त चालू. पाण्याच्या बाटल्या, दही, टरबूज, सगळं गार.

मी पाहत राहिले असेन. चाचींनी ओळखलं.

“सुधरला नं, केव्हाचा सुधरला,” त्या टरबुजाची फोड माझ्या हातात देत म्हणाल्या. “पर तुझ्या घरी सुई घेतली तं कोणी पुसते तरी, घेतली का म्हणून. सासूले सांगशील नको.”

मी सांगितलं नाही. पुढं कळलं की आईंना ते पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी चाचींना सांगितलं नव्हतं.

*

युनिट तीनमध्ये बर्फ फार चढला की ते बंद करून रिकामं करतात. बाबांच्या भाषेत शटडाऊन. माझा पहिला शटडाऊन मार्चमध्ये झाला. चादर पसरून सगळं वर काढायचं, ओल्या पोत्यांनी झाकायचं, बर्फ वितळला की पुसून परत भरायचं. मी आत वाकून एकेक पिशवी आईंच्या हातात देत होते. तळाशी, अगदी कोपऱ्यात, एक निळी पिशवी होती, दोरीने बांधलेली. आत काळपट, चपटं काहीतरी. मी गडचिरोलीची. हात लावताच ओळखलं. सात्या! पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या या रानअळंबीची भाजी ज्याने खाल्ली त्याला मटणाचं काय! माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

“आई, सात्या?”

“ते राहू दे,” आई म्हणाल्या. “ते मी घेतो.”

त्यांनी पिशवी माझ्या हातून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर ठेवून स्टुलावर बसल्या. शटडाऊन संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. पुसणं, भरणं, सगळं मी आणि निखिलने केलं. शेवटी त्यांनी स्वतः वाकून ती तळाशी ठेवली, तेव्हा कुठे बाबांनी विचारलं, “लोडवर घेऊ का?” आणि आई “घ्या” म्हणाल्या.

मला कोणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सुई घेऊन झाल्यावर, आई अंघोळीला गेल्या तेवढ्यात, चाचींनी सांगितलं.

त्या सात्या आईंच्या धाकट्या भावाने आणल्या होत्या. आमच्या लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात. एका रविवारी पिशवी घेऊन आला, म्हणाला, “बाई, आता ठेव फ्रीजात. पुढच्या रविवारी आणखी आणतो, मग एकदमच कर.” पुढच्या आठवड्यात तो पहाटे पुन्हा त्याच वारुळाकडे गेला. वाघ तिथंच होता. गावच्या लोकांना टॉवेल आणि चप्पल आधी सापडली.

“एकदमच कर म्हणाला नं,” चाची म्हणाल्या. “वो राह देख रही है.”

*

एप्रिलमध्ये मागच्या लाईनीतले रामटेके काका गेले. दुपारची वेळ, ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. मुलगा बंगळूरला. तो दुसऱ्या दिवशी पोचणार. शहरातून थंड पेटी मागवली तर ती आधीच कुठे तरी गेलेली होती.

आईंनी कोणाला विचारलं नाही. पदर खोचला आणि युनिट तीनमधलं सगळं बाहेर काढून लाईनीतल्या घराघरांत वाटून टाकलं. हिच्याकडे मासळी, तिच्याकडे मटार, चाचींकडे रस. ती निळी पिशवी तेवढी कोणाच्या घरी गेली नाही. ती त्यांनी युनिट दोनच्या वरच्या खान्यात सारली. मग घरातले होते नव्हते तेवढे स्टीलचे डबे पाणी भरून फ्रीझरमध्ये लावले. नाव कोरलेले, लग्नात आलेले, सगळे. आधी जमलेला बर्फ तेवढ्यात निखिल आणि दोन पोरं पोत्यात घालून रामटेके काकांच्या घरी घेऊन गेले. रात्रभर डबे भरत होते, निघत होते. सकाळी मुलगा आला तेव्हा त्याचे वडील जसेच्या तसे होते.

पुढचे दोन दिवस आमचं सामान घरोघरून परत येत होतं. लाईनीतल्या टोकाच्या काकू अंडंसुद्धा घरात आणू देत नाहीत. घाईत आमचे झिंगे त्यांच्याकडे गेलेले!

आई ओशाळून म्हणाल्या, “बाई, माफ करजा, ध्यानातच नाई आलं.”

“ठेवले नं,” काकू म्हणाल्या. “पण दार उघडायचं तं डोळे मिटून उघडत होतो!”

डबा मात्र एक कमी आला. महिन्याभराने रामटेके काकांचा मुलगा स्वतः तो घेऊन आला. डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर भरली होती. आईंनी डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं, परत लावलं. ती साखर अजून वेगळी ठेवलेली आहे. चहात घालत नाहीत.

*

त्या एप्रिलमध्येच दादा आले होते. ड्युटीवर चंद्रपूरची गाडी होती, मध्ये दोन तास मोकळे. खाकी कपड्यांतच, गळ्याला रुमाल, घामाने पाठ भिजलेली. समोरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मुलीच्या सासरी बसतात तसे.

“चालते नं बरोबर?” त्यांनी पहिलं तेच विचारलं.

“हो दादा.”

“आवाज तं नाई करत?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. हे तर खरंच होतं.

मी युनिट दोनमधून बाटली काढली आणि स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. तो फ्रीज त्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण आपण दिलेला फ्रीज कसा दिसतो हे त्यांना नीट आठवत नसावं. दुकानात त्यांनी तो डोळे भरून पाहिला, नंतर पाहिला तो हारात. त्यांनी ग्लास आधी गालाला लावला.

“पाह्य, कसा घाम आला गिलासाले!”

अर्धा प्याले. उरलेलं आपल्या बाटलीत ओतायला लागले. मी म्हटलं, “दादा, प्या ना सगळं.”

“नाई, ड्रायव्हरले देतो. पोरीच्या फ्रीजचं हाय म्हणून सांगतो.”

मी खाली पाहिलं. आई दारात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता त्या काय बोलतील, म्हणून माझे कान तापले. त्या सूप ठेवून उठल्या, युनिट दोन उघडलं, आणखी एक भरलेली बाटली काढली, पदराने पुसली आणि दादांपुढे धरली.

“हे पण घेऊन जा, भाऊ. तुमच्याच फ्रीजचं हाय.”

दादा गाडीवर गेले. आईंनी पुन्हा सूप घेतलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, मीही नाही. आणि त्यानंतर आठवडाभरातच मी मटार शोधत होते.

*

ठरलं असं, की युनिट चार ताईंकडे जाईल. ताई म्हणजे निखिलची मोठी बहीण, वरोऱ्याला दिलेली. त्यांचा फ्रीज छोटा, माणसं जास्त. कोणाचं काही चुकत नव्हतं. निखिलने मला विचारलं, “तुले चालते नं?” मी हसले. त्याने आईंसारखाच अर्थ लावला. शनिवारी टेम्पो घेऊन ताई येणार होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी वावटळ उठली. धूळ, पत्रे, मग एक मोठी फांदी आमच्या लाईनीच्या तारांवर. एक क्षण घरातले सगळे बल्ब पांढरेफटक पेटले, असे की भिंतीवरची पाल दिसली. मग अंधार. बाबा अंधारातच म्हणाले, “गेलं.” ऊर्जानगरमध्ये लाईट गेली म्हणून लोक घराबाहेर येऊन उभे राहिले, ग्रहण लागल्यासारखे.

शनिवारी सकाळी लाईनमननी तार जोडली. पंखा फिरला. युनिट एक घुरघुरलं, जुनं हाड. चाचींचं इन्सुलिन आम्ही त्यात ठेवलं. युनिट दोन गप्प. युनिट तीन गप्प. बाबांनी तीनदा बटण दाबलं, तेही कोणाला न विचारता. मेकॅनिक शकीलभाई आले, मागून पाहिलं, वास घेतला आणि मान हलवली.

“भाभी, दोन्ही कंप्रेसर गेले. अख्ख्या लाईनीत हेच हाय. ज्याचं ज्याचं लावून होतं, त्याचं त्याचं उडालं. आज तं कोणाचंच नाई होत.”

चाचींचाही फ्रीज गेला. टोकाच्या काकूंचाही. मासळी, रस, मटार, जे शिजवता येईल ते शिजायला लागलं, बाकी वाटून टाकलं. कोणी हळहळलं नाही. दुपार झाली. ऊन भिंतीतून आत यायला लागलं.

आई पडवीत स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर टॉवेल, टॉवेलात निळी पिशवी. टॉवेलाच्या टोकातून थेंब पडत होता, त्यांच्या पायाशी एवढंसं ओलं झालं होतं.

तेवढ्यात टेम्पो आला. ताई उतरल्या, मागून ड्रायव्हर दोरखंड घेऊन. ताईंनी घराची कळा पाहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या मनात काई नाई नं?”

मी हसले नाही. त्या थोड्या गोंधळल्या.

निखिल आईंसमोर उकिडवा बसला. “आई, आता जाऊ दे नं ते. मामा असता तं त्यानंच म्हटलं असतं.”

“मी काई म्हणून राह्यली का?” आई म्हणाल्या.

चाची भिंतीपलीकडे उभ्या होत्या. बाबा समोरच्या खोलीत युनिट दोनच्या बटणापाशी नुसतेच उभे होते. थेंब पडत होता.

मी आमच्या खोलीत गेले. अंड्यांच्या खड्ड्यांतून बांगड्या काढल्या. ट्रे रिकामा केला. ब्लाउज, साड्या, सगळ्यांत शेवटी ती पांढरी. सगळं पलंगावर ठेवलं. वायरला दुकानातली तार अजून तशीच गुंडाळलेली होती, ती सोडली. फ्रीजला मागून चाकं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. फरशीवरून तो ढकलत समोरच्या खोलीत आणला, तर केवढा आवाज झाला! सगळे वळून पाहायला लागले. ड्रायव्हर दोरखंड घेऊन पुढे झाला, त्याला वाटलं मी त्याच्यासाठीच आणतेय.

मी युनिट दोनची पिन काढली आणि युनिट चारची बाबांच्या हातात दिली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंकडे पाहिलं. पिन लावली आणि बटणावर बोट ठेवलं. सवयीने तोंड उघडलं, “युनिट चार...” आणि थांबले. पडवीकडे पाहत राहिले. आई टॉवेल धरून दारात येऊन उभ्या होत्या. त्या काही म्हणेनात. कोणीच काही म्हणेना.

मी म्हटलं, “घ्या बाबा, लोडवर घ्या. साड्या काढल्या मी.”